पेटीतली बाई कापतात तेव्हा पाय कुणाचे असतात?

खाडीकाठ | रविवार, रात्री ९:४०

महाशिवरात्रीला कुणकेश्वरला गेलो होतो. बरोबर बहीण, भावोजी आणि भाची (वय वर्षे नऊ, प्रश्न नव्वद). दर्शनाची रांग, समुद्रावरचा वारा, मालवणी खाजं, सगळं यथासांग झालं आणि परतताना भाचीला एक तंबू दिसला. बाहेर रंगवलेली पाटी : 'मुंडके जिवंत, धड गायब'. तिकीट तीस रुपये.

आत एक दोरी बांधलेली. दोरीपलीकडे दहाएक फुटांवर टेबल, टेबलावर परात, परातीत एका पोराचं मुंडकं. डोळे फिरवतंय, विचारलं तर नाव सांगतंय. टेबलाखाली आरपार लाल पडदा दिसत होता, म्हणजे धड लपवायला जागाच नाही. मी आपला बघत राहिलो. भाचीने सरळ विचारलं, "तू जेवतोस का?" मुंडकं म्हणालं, "हो, वडापाव." "मग तो जातो कुठे?" मुंडकं गप्प. तंबूवाला लगेच "चला चला, पुढचे या" करायला लागला.

घरी आल्यापासून तिने पिच्छा पुरवलाय. शाळेत मागे एक जादूगार आला होता, त्याने एका ताईला पेटीत घालून करवतीने कापलं. दोन्ही तुकडे लांब नेले आणि तिकडच्या तुकड्यातले पाय हलत होते. भाचीचा मुद्दा असा की पाय खोटे नव्हते, कारण त्यांना गुदगुल्या होत होत्या. मला माझ्या आजोबांच्या अंगठा तोडण्याच्या जादूपलीकडे काही येत नाही, आणि तीही मी दोनदा केली तर तिने पकडली.

तर जाणकारांनी प्रकाश टाका. मुंडक्याचं धड कुठे असतं, आणि पेटीतल्या बाईचे पाय कुणाचे?

फणसगरा | रविवार, रात्री ९:५८

वडापाव तंबूवाल्याच्या खिशात जातो. तीस गुणिले अख्खी जत्रा, हिशेब करा.

बाकी वाचतोय. आमच्याकडे 'नागकन्या' यायची. खाली अजगर, वर मुलीचं तोंड. आईवडिलांचा शब्द मोडला म्हणून अशी झाली, असं भोंग्यावरून सांगायचे. मी त्यानंतर चार दिवस शहाण्यासारखा वागलो होतो.

ओसरी | रविवार, रात्री १०:३०

खाडीकाठभाऊ, दोरी होती म्हणालात, तिथेच उत्तर आहे. टेबलाला पाय किती होते आठवतंय का? बहुधा तीन, आणि त्यातला एक बरोबर तुमच्या समोर.

त्या पुढच्या पायापासून मागच्या दोन पायांपर्यंत दोन आरसे लावलेले असतात. वरून बघितलं तर इंग्रजी व्ही, टोक प्रेक्षकांकडे. प्रत्येक आरसा ४५ अंशांत. तुम्हाला टेबलाखालून 'आरपार' जो लाल पडदा दिसला तो मागचा नव्हे, बाजूचा. डाव्या आरशात डावीकडचा पडदा, उजव्यात उजवीकडचा. तीनही बाजूंना एकच कापड आणि अंतर सारखं, की आपला डोळा बिनतक्रार मान्य करतो : मागे पडदा आहे, मधे काही नाही. पोरगं आरशांच्या पाठीमागे गुडघ्यावर बसलेलं, डोकं टेबलाच्या भोकातून वर आणि भोक झाकायला परात.

लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये १८६५ साली कर्नल स्टोडेअर नावाच्या जादूगाराने हे 'स्फिंक्स' म्हणून दाखवलं. तेव्हा मुंडकं पेटीतून निघालं आणि लोकांशी बोललं. आपल्या जत्रेत आज तेच दीडशे वर्षांपूर्वीचं टेबल उभं आहे.

दोरी कशासाठी? तुम्ही बाजूला सरकलात तर आरशात पडद्याऐवजी तुमचाच सदरा दिसेल. म्हणून समोर उभं करतात, लांब ठेवतात आणि फार वेळ उभं राहू देत नाहीत.

खाडीकाठ | रविवार, रात्री १०:४४

पाय तीनच होते! भाची झोपली, नाहीतर आत्ताच उठवून सांगितलं असतं. मी पाय मोजले आणि तीन पायांचं टेबल कुणाच्या घरी असतं हा प्रश्न मला पडलासुद्धा नाही.

बरं, आता करवत.

ओसरी | सोमवार, दुपारी १:२०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, थोडक्यात.

करवतीचा हा प्रयोग प्रेक्षकांपुढे पहिल्यांदा झाला १७ जानेवारी १९२१ ला, लंडनच्या फिन्सबरी पार्क एम्पायर थिएटरात. जादूगार पी. टी. सेल्बिट, पेटीतली बाई बेटी बार्कर. तिच्या मनगटांना, घोट्यांना, गळ्याला दोऱ्या बांधून त्यांची टोकं पेटीबाहेर प्रेक्षकांच्या हातात दिली होती. ती हलली तर कळेल असा सगळ्यांचा समज. पण झाकण बंद झाल्यावर तिचं डोकंही दिसत नव्हतं आणि पायही. दोरीला आत जेवढी ढील मिळते तेवढ्यात अंग चोरायचं, एवढंच काम. अंग चोरणं म्हणजे काय ते सुट्टीतल्या एसटीत तिसरी सीट मिळालेल्याला विचारा.

सेल्बिट जाहिरातीत वस्ताद होता. दोन खेळांच्या मधे त्याची माणसं थिएटरबाहेर रक्ताच्या रंगाच्या पाण्याच्या बादल्या गटारात ओतत, दाराशी रुग्णवाहिका उभी. बायकांच्या मताधिकारासाठी लढलेल्या ख्रिस्ताबेल पँकहर्स्ट यांना त्याने आठवड्याला २० पौंडांवर कापून घ्यायचं आमंत्रण दिलं होतं. त्यांनी अर्थात नाकारलं. इंग्लंडात बायकांना (तेही तिशीपुढच्या) मत मिळून जेमतेम तीन वर्षं झालेली आणि इकडे बाई कापण्याच्या खेळाला हाउसफुल्ल. मला तरी हा योगायोग वाटत नाही.

डोकं आणि पाय दोन्ही बाहेर ठेवून कापायचं, ही सुधारणा अमेरिकेत होरेस गोल्डिनने त्याच वर्षी केली. तुमच्या भाचीने पाहिलं ते गोल्डिनच्या वळणाचं.

आणि आपले पी. सी. सरकार राहिलेच. ९ एप्रिल १९५६ ला बीबीसीच्या पॅनोरमा कार्यक्रमात त्यांनी दीप्ती डे या मुलीला गोल करवतीखाली घेतलं. कापून झालं, सरकार तिचे हात चोळतायत, हाका मारतायत, ती उठत नाही. त्यांनी मान हलवली आणि तिच्या तोंडावर काळं कापड टाकलं. तेवढ्यात निवेदक रिचर्ड डिंबलबी पुढे येऊन कार्यक्रम संपला म्हणाले. पाहणाऱ्यांना वाटलं, मुलगी मेली. बीबीसीचे फोन रात्रभर खणखणत होते. सरकारांचा लंडनमधला थिएटरचा मुक्काम मात्र तुफान चालला. वेळ खरंच संपली होती की सरकारांनी संपवून घेतली, तुम्हीच ठरवा.

सुरंगी | सोमवार, रात्री ११:०५

इथे चार वर्षं नुसती वाचतेय, पहिल्यांदाच लिहिते. शीर्षक वाचून राहवलं नाही.

पाय माझे असायचे.

१९७८ ते १९८१, तीन हंगाम. जिल्ह्यात फिरणारी एक कंपनी होती, नाव सांगत नाही. मालक अजून असले तर वाचतील, आणि माझा शेवटच्या दोन महिन्यांचा पगार त्यांच्याकडे राहिलाय. दिवसाला पंधरा रुपये आणि दोन वेळचं जेवण. मी अठरा वर्षांची, वजन छत्तीस किलो. घरी सांगितलं होतं की नाटक कंपनीत कपडेपट सांभाळते. जादूच्या कंपनीपेक्षा नाटक कंपनी त्यातल्या त्यात बरी, असा तेव्हाचा हिशेब.

आम्ही दोघी होतो. एक तोंडवाली, एक पायवाली. हे आमच्यातलेच शब्द. तोंडवाली सुंदर, तिला टाळ्या, तिचा फोटो पाटीवर. मी कुणाला कधी दिसले नाही. कंपनी गावात उतरली की तोंडवालीने बाजारात हिंडायचं, म्हणजे लोकांची खात्री पटते की ही खरी बाई आहे. मी तंबूतच. दोघी एकत्र दिसायचं नाही, हा पहिला नियम.

आता टेबल. लोक पेटीकडे बघतात, सगळी गंमत टेबलात असते. समोरून त्याची कड चार बोटं जाड दिसे. तिच्यावर पिवळा चकचकीत पट्टा, खालचा भाग काळा. पण कडेपासून आत टेबल खाली उतरत गेलेलं, मधोमध नऊ इंच खोल. पिवळा पट्टा डोळ्यात भरतो आणि काळं मागच्या काळ्या पडद्यात विरून जातं. त्या नऊ इंचात मी उताणी. खेळ सुरू व्हायच्या वीस मिनिटं आधी आत जायचं आणि मग शिंक नाही, खोकला नाही, डास चावला तरी नाही.

पेटी रिकामी दाखवत, ती रिकामीच असे. टेबलावर ठेवत. तोंडवाली आत झोपे, झाकण लागे, मग मालक पेटी गरकन फिरवी. लोकांना वाटे चारी बाजू दाखवतोय. त्या एका फेऱ्यात तिने गुडघे छातीशी घेऊन पुढच्या अर्ध्यात गोळा व्हायचं आणि टाचेने फळीवर दोन टकटक करायचं. टकटक ऐकली की मी टेबलाची झडप सरकवून मागच्या अर्ध्यात वर यायचं आणि पाय भोकातून बाहेर. फेरा पुरा होतो तोवर इकडे तोंड, तिकडे पाय. मधली जागा रिकामी, करवत तिथूनच जाते.

दोघींचे पैंजण एकाच सोनाराचे, आळता एकाच बाटलीतला. माझा डावा पाय तिच्याहून थोडा मोठा होता, त्याला इलाज नव्हता. पण बायकांचे पाय कोण मोजतं?

गुदगुल्या! तुमची भाची हुशार आहे हो भाऊ. मालक प्रेक्षकांतून एकाला बोलावून गुदगुल्या करायला लावत. गुदगुल्या मला होत, हसायचं तिने. तिला माणूस दिसे, मला काही दिसत नसे. तिने बघून हसायचं, मी न बघता पाय ओढायचा, आणि दोन्ही एकाच वेळी. ह्याची तालीम आम्ही महिनाभर केली. करवतीची एक दिवस.

एक प्रसंग सांगते आणि झोपते. दाभोळला खाडीवर सकाळी पाय धुवायला गेले आणि कालवाच्या शिंपल्याने अंगठा चांगलाच कापला. संध्याकाळी खेळ. माझ्या अंगठ्याला पांढरी चिंधी, आणि ती लपणार कशी? मालकाने डोकं चालवलं, तोंडवालीच्या अंगठ्यालाही तशीच चिंधी बांधली. ती लंगडत रंगमंचावर आली, लोक हळहळले, फार छान. पेटी फिरली, मी पाय बाहेर काढले. तर पुढच्या सतरंजीवरचं एक पोरगं ओरडलं, "अहो, चिंधी ह्या पायाला होती!" माझा डावा कापला होता, बांधणाऱ्याने तिचा उजवा बांधला होता.

सगळा तंबू शांत. मालक हसला आणि म्हणाला, "बाळा, जादू आहे. चिंधीसुद्धा फिरते." टाळ्या पडल्या. मी आत घामाने निथळत होते.

फणसगरा | सोमवार, रात्री ११:१७

ताई, दंडवत. ह्या धाग्यावर मी आता विनोद करणार नाही. (आज तरी.)

खाडीकाठ | मंगळवार, सकाळी ७:३०

सुरंगीताई, भाचीला वाचून दाखवलं. तिचे दोन प्रश्न : आत श्वास कसा घ्यायचा, आणि तोंडवाली मैत्रीण होती का?

भरतीओहोटी | मंगळवार, सकाळी १०:१२

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नये. जादूगारांचं पोट ह्या गुपितांवर चालतं. जत्रेतला तंबूवाला वर्षातून चार महिने कमावतो. आपण इथे आरशाचे अंश मोजून सांगतो, उद्या पोरं तंबूत जाऊन 'आरसा आहे, आरसा आहे' ओरडतील. दशावतारात राक्षस स्टेजमागे विडी ओढतो हे माहीत असलं तरी आपण ते पोरांना दाखवायला नेत नाही ना?

ओसरी | मंगळवार, दुपारी १:३५

मुद्दा मान्य, पण ही गुपितं कधीच फुटलेली आहेत, आणि काही तर खुद्द मालकांनी फोडली. गोल्डिनने १९२३ साली आपल्या करवतीच्या खेळाचं अमेरिकेत पेटंट घेतलं. पेटंट घ्यायचं तर आकृत्यांसह सगळं लिहून द्यावं लागतं. पुढे एका सिगारेट कंपनीने जाहिरातीत हा खेळ उघड करून छापला, गोल्डिन कोर्टात गेला आणि १९३८ ला हरला. तुमचं गुपित तुम्हीच सरकारदरबारी जाहीर केलंय, मग गुपित कसलं?

सुरंगी | मंगळवार, रात्री १०:२०

बाळाला सांगा, श्वास पोटाने नाही, वर गळ्याशी घ्यायचा, छोटा छोटा. पोट फुगलं की फळीला लागतं. मे महिन्यात काळ्या रंगाच्या लाकडात नऊ इंचात झोपणं म्हणजे पानगीसारखं भाजून निघणं.

आणि तोंडवाली माझी मैत्रीण नव्हती. पहिला सगळा हंगाम आम्ही कामापुरत्याच बोललो. तिला वाटे, मी तिची जागा घेईन. मला वाटे, हिला फुकटच्या टाळ्या मिळतात. दुसऱ्या हंगामात ती तापाने पडली आणि दोन खेळ मी तोंडवाली झाले, तेव्हा कळलं. गुडघे छातीशी दाबून चेहऱ्यावर हसू ठेवायचं, आणि तेही पाय लांब करून आरामात पडलेल्या बाईचं हसू. पोटऱ्यांत गोळे आले की डोळ्यांत पाणी येतं आणि लोकांना वाटतं, करवतीला घाबरली. ती बरी होऊन आली तेव्हा मी तिचे पाय चेपून दिले.

भरतीओहोटी, तुमचं पटतं मला. म्हणून चाळीस वर्षं गप्प होते. पण ओसरीभाऊंनी लिहिलेलं बेटी बार्करचं नाव मी ह्या वयात पहिल्यांदा वाचलं. सेल्बिटचं नाव आमच्या मालकालाही पाठ होतं.

तिठ्यावरचो | मंगळवार, रात्री ११:४०

राक्षसाच्या विडयेचो विषय निघालोच आसा तर माजे चार आणे.

माजो काको दशावतारात राजपार्टी करी. तेच्या टायमाक एक बाकडो, एक पडदो, पेटी, मृदंग नि झांज. बस. राजान बाकड्यार पाय ठेवलो की तो रथ, उभो रवलो की डोंगर. आता बोर्डारच लिवतत, 'भव्य ट्रिकसीनयुक्त'. लोकांकाय ताच होया.

गेल्या वर्षी आमच्या जत्रेक म्हादेवान गणपतीचा मुंडका उडयल्यान. मुंडका खाली पडला, धड तसाच उभा. म्हाताऱ्यो बायल्यो हात जोडून बसल्यो. माका काय रवाक नाय, सकाळी सामान भरताना जावन बगलंय. झगो हुतो तो पोराच्या डोक्यावरसून घातलेलो. खांदे बांबूच्या कामटयेचे, पोराच्या टकलार टेकवलेले, नि तेच्यार भावलेचा मुंडका. पोर छातयेच्या भोकातसून बगी. आधी खरो पोर येता, नाचता, बोलता. मगे म्हादेव नि तेची झटापट, काळोख, धूर, नि तेवढ्यात बदली. ताई म्हणतत तसाच, पेटी गरकन फिरता तेवढोच येळ.

काको तरीपन म्हणता, ट्रिकसीनात काय नाय. तेच्या टायमाक बाकड्यार उभो रवान 'हो बग मेरू पर्वत' म्हटल्यान की लोक मान वर करीत.

डागतर | बुधवार, सायंकाळी ६:१५

दापोलीकडे दवाखाना आहे, आज पेशंट कमी. शरीराच्या बाजूने दोन गोष्टी लिहितो, कारण पेटी-आरशाशिवायही शरीराच्या जादू होतात.

पहिली, नाडी बंद करणं. इंटर्नशिपच्या काळात एका गावात एक बुवा आला होता. समाधी लागली की त्याची नाडी थांबते म्हणे. मला मुद्दाम बोलावलं, डॉक्टरने साक्ष द्यावी म्हणून. मनगट धरलं, नाडी लागत होती. बुवाने डोळे मिटले, नाडी मंद झाली आणि खरंच गेली. दोन्ही हातांची. माझ्या पाठीवर काटा आला, खोटं कशाला बोलू. मग सवयीने बोटं गळ्याकडे गेली. गळ्याची नाडी छान टकटकत होती. बुवाने एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं. कफनीखाली दोन्ही काखांत एकेक लिंबू. दंड अंगाशी दाबला की काखेतली रोहिणी दबते आणि मनगटापर्यंत ठोका पोचत नाही. हृदयाला ह्यातलं काही कळतही नाही. (घरी करून बघू नका. काखेत रक्तवाहिनीशेजारी मज्जातंतूही असतात.)

जिभेतून आरपार त्रिशूळ हा त्याचाच भाऊ. सळईला मधोमध जिभेच्या रुंदीचा बाक दिलेला असतो, बाकात जीभ बसते, दोन्ही टोकं सरळ दिसतात. अंनिसचे कार्यकर्ते गावोगाव हे करून दाखवतात. डॉ. दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा आला. चमत्कार म्हणून दाखवून पैसे काढणं त्यात गुन्हा आहे. तिकीट लावून करमणूक करणाऱ्या जादूगाराला त्याचा त्रास नाही. लिंबू तेच, फरक दाव्याचा. भरतीओहोटी, तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर हे.

दुसरी, भाचीला शिकवण्याजोगी. हात पूर्ण फिरवणं. सैल बाहीचा शर्ट घाला. उकिडवं बसून पंजा जमिनीवर पालथा टेका आणि तो बाहेरच्या बाजूने फिरवत फिरवत पूर्ण एक फेरा पुरा करा. बघणाऱ्याला मनगट मोडल्यासारखं वाटतं. युक्ती अशी की सुरुवातीलाच हात खांद्यापासून आतल्या बाजूला जितका वळतो तितका वळवून घ्यायचा आणि मग टेकायचा. कोपर कुठे बघतंय हे बाहीत लपतं. कोपरापासून पुढे आपला हात साधारण अर्धा फेरा फिरतो, बाकीचा हिशेब खांदा भागवतो. दुखलं की थांबा. तोंडाने 'कट' आवाज काढायला दुसरा माणूस ठेवलात तर उत्तम.

फणसगरा | बुधवार, सायंकाळी ७:०२

करून बघितलं. आमच्या मातोश्री मूव्ह आणि लसणाचं तेल घेऊन धावल्या. आता खरं सांगितलं तर मार पडेल, म्हणून मुकाट चोळून घेतोय.

डॉक्टर, पण मला हात माझाच आहे हे माहीत असून मलाच कसंतरी झालं. ते का?

डागतर | बुधवार, रात्री ९:३०

कारण 'माझा हात' हे मेंदू डोळ्यांना विचारून ठरवतो. १९९८ साली बॉटविनिक आणि कोहेन या दोघांनी केलेला प्रयोग आहे. माणसाचा खरा हात आडोशामागे, समोर टेबलावर रबरी हात. दोन्हींवर एकाच वेळी, एकाच लयीत ब्रश फिरवायचा. थोड्या वेळाने माणसाला रबरी हातच आपला वाटायला लागतो. सुरंगीताईंच्या गुदगुल्या आठवा, तिथेही लय जुळणं महत्त्वाचं होतं. पाय दोन हात लांब गेले तरी हसू आणि झटका एकदम आले, की बघणारा दोन्ही तुकडे एकाच बाईला जोडून टाकतो. करवतीने तोडलेली बाई प्रेक्षकच शिवतो, आणि मग आश्चर्य करतो.

ओसरी | बुधवार, रात्री १०:०५

क्या बात है, डॉक्टर.

ह्यावरून शहरांत फुटपाथवर एका हाताने काठी धरून हवेत बसलेले 'साधू' आठवले. काठी पोलादी, तिच्यातून निघालेला गज बाहीतून जाऊन बैठकीला जोडलेला. १८३० च्या सुमारास मद्रासला शेषाल नावाचा माणूस हेच करी आणि बघायला साहेबलोक येत. आधी चादर धरायची, आत बैठक जुळवायची, मग चादर काढायची. उतरतानाही चादर. दोरीवर चढून गायब होणारा पोरगा मात्र विसरा. शिकागोच्या एका वर्तमानपत्राने १८९० मध्ये ती बातमी रचून छापली आणि चार महिन्यांनी तसं कबूलही केलं. कबुली कुणी वाचली नाही.

सुरंगी | गुरुवार, दुपारी ३:४५

शेवटच्या हंगामात मालकाने उभी पेटी करून आणली. बाई उभी, दोन पाती आडवी घालायची आणि मधला खण बाजूला सरकवायचा. पोट एकीकडे, डोकं-पाय दुसरीकडे. ती मी करायचे, एकटीने, तोंडही माझं आणि पायही माझे. रॉबर्ट हार्बिन नावाच्या साहेबाने १९६५ मध्ये काढलेला खेळ, असं मालक पाटीवर लिहायचा, ते मात्र खरं निघालं.

त्यात खोटं फार कमी आहे. चेहरा माझा, हात माझा, पाय माझा, सगळं दिसतंय आणि हलतंय. पेटीच्या कडांना काळे पट्टे रंगवलेले असतात, म्हणून ती आहे त्याहून अरुंद वाटते. पात्याचं मूठ-हँडल रुंद, पण आत जाणारा पत्रा अर्ध्याच रुंदीचा. मधला खण लांब सरकल्यासारखा दिसतो, पण मागे एक चिंचोळी फट राहते. त्या फटीत उभं, कडेवर, पोट पाठीला लावून राहायचं आणि मधल्या खणातून हात बाहेर काढून रुमाल हलवायचा. सुतार ओणीचा होता, फणसाचं लाकूड वापरलेलं. पावसाळ्यात फुगलं आणि फट अर्ध्या इंचाने कमी झाली. जूनमधला तो खेळ मी जन्मात विसरणार नाही.

खाडीकाठ | होळीनंतरचा शनिवार, रात्री ११:५०

धागा वर काढतोय, कारण अहवाल द्यायचाय.

शिमग्यात आमच्या वाडीत सोंगं निघतात. यंदा भाचीच्या हट्टाने मांडावर 'मुंडके जिवंत, धड गायब' केलं. काचवाल्याकडून अडीच फूट उंचीचे दोन आरसे कापून घेतले, टेबलाचा चौथा पाय काढला (आईला अजून सांगितलेलं नाही), तिन्ही बाजूंना मंडपवाल्याचा निळा पडदा. मुंडकं म्हणून माझा चुलतभाऊ, गळ्याभोवती कोकमाचं आगळ. आमच्या घरी वर्षभराची सोलकढी आता फिकी होणार.

पहिली रंगीत तालीम साफ फसली. कुणीतरी हौसेने पट्ट्यापट्ट्यांची सतरंजी घातली होती. समोरून मागे जाणारे पट्टे आरशात आडवे झाले. टेबलाखाली सतरंजी काटकोनात वळलेली! ती काढली, नुसती सारवलेली जमीन ठेवली आणि टेबल पारदर्शक झालं. मी स्वतः आरसे लावले होते, तरी दहा फुटांवरून मलाच मागे रिकामं दिसत होतं.

प्रत्यक्ष दिवशी दोरी बांधली, वाडीतली शंभरेक माणसं. भाची सूत्रधार. तिने मुंडक्याला नाव विचारलं, पाढे विचारले (सातचा चुकला, ते ठरलेलं नव्हतं). वडापावचा प्रश्नही तिनेच विचारला आणि मुंडक्याला उत्तर शिकवून ठेवलं होतं : "पार्सल करतो." माणसं खूश.

मग शेजारच्यांची मांजर आली. दोरीखालून गेली आणि थेट टेबलाखाली शिरली. आरशाजवळ पोचल्यावर तिला दुसरी मांजर दिसली. आम्हाला तर दोघी दिसल्या. एक इकडून, एक तिकडून, नाकाला नाक. मांजरीने पाठीची कमान केली, तिकडचीनेही केली. पुढच्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, "अगो, ही दुसरी खंयची?"

भाचीने क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि मग लोकांना मोठ्याने सांगितलं, "आता धड गायब झालंय, म्हणून मांजर जास्त आली!"

टाळ्या पडतच होत्या, तेवढ्यात आगळाच्या वासाने आलेले हुमले (चावऱ्या मुंग्या) आरशामागे पोचले. मुंडक्याने आधी एक डोळा मिटला, मग दुसरा. मग टेबल घेऊन उभं राहिलं.

सुरंगी | रविवार, सकाळी ६:४०

भाचीला विचारा, सुट्टीत रत्नागिरीला येते का. माझ्याकडे ते पैंजण अजून आहेत.